तिघांचा केक आणि एक सोपा प्रश्न

धुक्यात मी एका मुलाच्या मागे मागे गेले आणि थेट त्याच्या गोठ्यात जाऊन पोचले. हे ऐकलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

जानेवारीतली सकाळ होती. आमच्या खोऱ्यात हिवाळ्यात जे धुकं उतरतं ना, त्यात स्वतःच्या गाडीचं तोंडसुद्धा दिसत नाही. अशा वेळी इथे सगळे एकच करतात. पुढच्या गाडीचे लाल दिवे पकडायचे आणि निमूट त्यांच्या मागे जायचं. मीही तेच केलं. चेलोमावशीच्या बेकरीतले पाव दुकानांना टाकून मी कॉलेजला निघाले होते. पुढे एक जुनी पिकअप होती. ती वळली, मी वळले. ती खडीवर गेली, मीही गेले. ती थांबली, मी थांबले... आणि माझ्या खिडकीच्या काचेला एक भलंमोठं ओलं नाक येऊन चिकटलं.

गाय! मी अशी किंचाळले की बिचारी गाय चार पावलं मागे सरली.

धुक्यातून एक उंच मुलगा आला. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर लोकरी टोपी, आणि चेहऱ्यावर हसू दाबल्याचा भाव.

"काही हवंय का तुम्हाला?" त्याने अगदी अदबीने विचारलं.

"कॉलेज," मी म्हणाले.

"हा गोठा आहे."

"ते कळलं मला!"

"कालव्यापासून माझ्या मागे आहात. म्हटलं, दूध घ्यायला येत असाल."

"तुमच्या दिव्यांनी मला फसवलं."

"माझे दिवे त्यांच्या घरी आले," तो म्हणाला. "वाट तुमची चुकली."

अस्सा राग आला! एक तर मी घाबरलेली, त्यात हा शहाणपणा. मी गाडी मागे घ्यायला लागले तर त्याने काचेवर हलकेच टकटक केलं. "थांबा, थांबा. मागे खताचा खड्डा आहे. मीही कॉलेजलाच निघालोय. बूट बदलून येतो, मग या माझ्या मागे. या खेपेला खरंच पोचाल."

आणि पोचलो की! एकाच आवारात, एकाच इमारतीत, एकाच वर्गात. मी पहिल्या बाकावर बसणारी, तो शेवटच्या. मागचं अख्खं सत्र त्याने माझी पाठ पाहिली होती आणि मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याचं नाव दुआर्ते आव्हिला. दूर समुद्रातल्या अझोर्स बेटांवरून आलेल्या गवळ्यांचं घराणं, चार पिढ्या याच खोऱ्यात गाई पाळणारं. मी नोएमी सारागोसा. आई गेल्यापासून मावशीकडे वाढलेली, पहाटे पाव, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा पाव. आमच्या या दोन वर्षांच्या कॉलेजात सगळे असेच असतात, कुणाला नोकरी, कुणाला लेकरं, कुणाला गाई. इथली दोन वर्षं संपली की ज्याला जमेल तो पुढच्या दोन वर्षांसाठी मोठ्या विद्यापीठात जातो. ज्याला जमत नाही, तो खोऱ्यातच राहतो आणि "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहतो. असे पुष्कळ जण मावशीच्या बेकरीत सकाळी कॉफी प्यायला येतात.

मला तसं राहायचं नव्हतं.

*

आमच्या गणिताच्या पेत्रोस्यान बाई म्हणजे मूर्ती लहान पण आवाज महान. एके दिवशी त्यांनी मला आणि दुआर्तेला मदतकेंद्रात गाठलं. गणित अडलं की मुलं ज्या खोलीत येऊन बसतात ती ही खोली. तिथे मी शिकवायचे, आणि जानेवारीपासून का कुणास ठाऊक, तोही शिकवायला यायला लागला होता.

"मार्चमध्ये भाषणस्पर्धा आहे," बाई म्हणाल्या. "गणितावर बोलायचं. खोऱ्यातल्या आपल्यासारख्या सगळ्या दोन वर्षांच्या कॉलेजांची मुलं येणार. पहिल्या नंबराला विद्यापीठाच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती. राहण्याजेवणासकट."

माझा हात आपोआप वर गेला. विद्यापीठाने मला प्रवेश दिला होता, पण समुद्रकाठच्या त्या शहरात एक खोली भाड्याने घ्यायची तर मावशीला बेकरी विकावी लागली असती. ही शिष्यवृत्ती मिळाली तर ऑगस्टमध्ये मी तिथे. नाही मिळाली तर इथेच. इतकं साधं होतं ते.

माझ्या बाजूला आणखी एक हात वर झालेला होता.

"तू?" मी म्हणाले.

"मी," तो म्हणाला. "बाबा म्हणतात, शिष्यवृत्ती आणलीस तर जा. नाही तर गोठ्यात हात कमी पडतात."

"मग हात कमी पडणार नाहीत त्यांना."

"बघू की!"

बाई हसल्या. "भांडा, पण नियम ऐकून भांडा. समोरच्याला गणित येत नाही असं धरून बोलायचं. पडद्यावर चित्रंबित्रं काही नाही. खडू, फळा आणि हाताला लागेल ती वस्तू. आणि प्रत्येकाचं भाषण झालं की दुसरा एक स्पर्धक त्याला एक प्रश्न विचारेल. कोण कुणाला, ते चिठ्ठी टाकून ठरतं. प्रश्नालाही गुण असतात बरं का. चांगला प्रश्न विचारणं हे निम्मं गणित आहे."

ही प्रश्नाची प्रथा आमच्या खोऱ्याची. फार जुनी, आणि फार छळवादी. म्हणजे ज्याला हरवायचं, त्याचं भाषण मन लावून ऐकायलाच हवं!

मी केकचा विषय घेतला. तिघांनी एक केक कसा वाटून घ्यावा, की कुणालाच कुणाचा हेवा वाटू नये. त्याने कुंपणाचा घेतला. तार तेवढीच असेल तर कुठल्या आकारात सगळ्यात जास्त जागा मावते, आणि एका बाजूला कालवा असेल तर काय.

"केक?" तो म्हणाला. "परीक्षकांना खाऊ घालून जिंकणार तू."

"आणि तू गाई आणणार असशील."

"आणल्या असत्या. त्या तुझ्यापेक्षा शांतपणे ऐकतात."

*

पण तालीम मी त्याच्या गाईंसमोरच केली, हेही खरं. बेकरीत मावशी सारखी मध्ये बोलायची, "अगं, एवढासा तुकडा कोण घेईल?" म्हणून. मग दूध काढून झाल्यावर दुपारच्या निवांत वेळी मी गोठ्यात उलट्या बादलीवर उभी राहून बोलायचे, आणि तो चाऱ्याच्या गंजीवर बसून ऐकायचा. फेब्रुवारी सरत आला होता. शेजारच्या बदामाच्या बागा फुलल्या होत्या. वारा आला की पांढऱ्या पाकळ्या गोठ्यात शिरायच्या आणि गाईंच्या पाठीवर बसायच्या. त्याच्या केसांतही.

"तुझ्या केसात..." मी एकदा म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

"काढ ना मग," तो म्हणाला आणि डोकं पुढे केलं... मी काढली एक पाकळी. दोन. मग तिथे नसलेली तिसरीही काढली. एक गाय आमच्याकडे इतकी टक लावून बघत होती की मलाच लाजल्यासारखं झालं.

"किती होत्या?" त्याने विचारलं.

"मोजल्या नाहीत."

"गणिताची ना तू?"

"गप्प बस. आता तुझं कुंपण सांग."

तो सांगायचा तेव्हा मात्र मी गप्प व्हायचे. दुआर्ते सावकाश बोलतो. एक शब्द ठेवणार, तो नीट बसला का बघणार, मग दुसरा. दोरीचं वेटोळं जमिनीवर पसरून तो दाखवायचा की चौकोन का हरतो आणि गोल का जिंकतो. कोपऱ्यात तार वाया जाते, म्हणायचा. हे इतकं सोपं आणि इतकं सुंदर होतं की मला आधी आनंद व्हायचा, आणि मग लगेच वाटायचं, हा मला हरवू शकतो!

त्याची एक खोड होती. कुठे काही चुकलेलं दिसलं की तो बोलायचा नाही, कानामागे खाजवायचा. मदतकेंद्रातली पोरं त्या खोडीला घाबरायची. "सर, कान नका ना खाजवू, सांगा काय चुकलं ते." माझी तालीम मात्र त्याने चार-पाचदा ऐकली आणि एकदाही कानाला हात लावला नाही. तेव्हा मी निर्धास्त होते. पुढे कळलं की शेवटच्या भागाला मी पोचायचे तेव्हा तो ऐकतच नसायचा. नुसता बघत बसायचा.

*

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. आमच्या इथे गणित ऐकायला नाही, पण आपल्या माणसाला टाळ्या वाजवायला सगळं खानदान येतं. मावशी दुसऱ्या रांगेत, बेकरीचा पांढरा कोट घालूनच. आव्हिलांचं कुटुंब मागे, सगळे उंच. त्याचे बाबा हातांची घडी घालून बसलेले, जणू गाय विकत घ्यायला आलेत.

आधी सैन्यातून परत आलेला एक जण गुप्त लिपीवर बोलला. मग एक परिचारिका, दोन मुलांची आई, साथीचे रोग कसे पसरतात यावर. दोघंही छान. मग दुआर्ते. त्याने रंगमंचावर दोरी पसरली, तिच्यात उभा राहिला आणि आपल्या त्या सावकाश सुरात पणजोबांच्या पहिल्या कुंपणापासून सुरुवात केली. शेवटी फळा हा कालवा समजून त्याने दोरीची दोन टोकं फळ्याला टेकवली, अर्धगोल केला, आणि त्याच्या बाबांनी हातांची घडी सोडली. मागे वळून पाहिलं तर मला दिसलं ते.

मग माझं नाव पुकारलं.

मी घाबरत नाही. लहानपणापासून काउंटरवर उभं राहून अख्ख्या गावाशी बोलत आलेय, सभागृहाचं काय घेऊन बसलात! मावशीने लांबलचक केक करून दिला होता. एका टोकाला स्ट्रॉबेरी, मध्ये नुसतं क्रीम, दुसऱ्या टोकाला कॅरॅमल. मी सुरी हातात घेतली.

"दोघांत केक वाटणं सगळ्यांना येतं," मी म्हणाले. "एकाने कापायचा, दुसऱ्याने निवडायचा. कापणारा झक मारत सारखे तुकडे करतो. भांडण होतं ते तिसरा आला की!"

लोक हसले. मी प्रेक्षकांतून तिघांना वर बोलावलं. त्यात मावशी अर्थातच न बोलावता आली. मी सुरी केकवरून डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायला लागले. "तुमच्या मते डावीकडचा भाग एक तृतीयांश झाला, की ओरडा 'पुरे'! जो आधी ओरडेल, तो तुकडा त्याचा. उरलेल्या दोघांत मग आपली जुनीच रीत, एकाने कापायचा, दुसऱ्याने निवडायचा." मावशी इतक्या लवकर "पुरे" ओरडली की सभागृह खदाखदा हसलं. भाषण अगदी हातात आलं होतं. मी फळ्याकडे वळले आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: प्रत्येकाला आपल्या नजरेने किमान तिसरा हिस्सा मिळतो. म्हणून कुणालाच कुणाचा हेवा वाटत नाही.

टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला, मान वर केली, आणि स्पर्धकांच्या रांगेत बसलेल्या दुआर्तेकडे पाहिलं.

तो कानामागे खाजवत होता.

"प्रश्न विचारतील," पेत्रोस्यान बाईंनी चिठ्ठी उघडली, "दुआर्ते आव्हिला."

तो उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग घसा खाकरून म्हणाला, "ही... ही रीत चौघांनाही चालेल का?"

चालेल! अहो, शेंबड्या पोरालाही उत्तर येईल. सुरी फिरवायची, पहिला जातो, उरले तीन. सभागृहात कुणीतरी हळूच "बस, एवढंच?" म्हणालं. परीक्षकांतल्या वयस्कर बाईंनी आपल्या कागदावर काहीतरी छोटंसं लिहिलं, बहुधा शून्याच्या आसपासचं.

नुसतं उत्तर देऊन खाली उतरायचं होतं मला. शिष्यवृत्ती तिथेच होती, हात लांब केला की मिळणार. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा माझ्यावर दया करतोय? माझ्यावर?

"चालेल," मी म्हणाले. "आता खरा प्रश्न विचार."

"हाच होता."

"खोटं बोलू नकोस, दुआर्ते. फळ्यावर काय चुकलंय ते विचार."

पेत्रोस्यान बाई म्हणाल्या, "नोएमी, नियमात एकच प्रश्न आहे."

"मग त्याला पहिला परत घेऊ दे ना, बाई."

त्या वयस्कर परीक्षकांनी चष्मा काढला. त्यांना मजा वाटत असावी. "बोलणारीचीच हरकत नाही, तर आमची कशाला असेल?"

दुआर्ते तसाच उभा. त्याने इतक्या हळू आवाजात "नको ना, नोएमी..." म्हटलं की मला त्याच्या ओठांवरूनच कळलं. मी मान हलवली. विचार म्हणजे विचार!

"ज्याने आधी 'पुरे' म्हटलं," तो शेवटी म्हणाला, एकेक शब्द ठेवत, "तो आपला तुकडा घेऊन बाजूला झाला. उरलेला केक मग दोघांनी वाटला. त्यांच्या आवडीने, त्याच्या नव्हे. आता त्या पहिल्याने वळून पाहिलं, आणि दोघांतल्या एकाचा तुकडा त्याला आपल्याहून मोठा वाटला... तर?"

मी केककडे पाहिलं. स्ट्रॉबेरी, क्रीम, कॅरॅमल. आणि मला दिसलं. इतक्या दिवसांत गाईंनाही दिसलं असेल ते मला तेव्हा दिसलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. पण तोंड उघडलं तेव्हा आवाज माझाच होता, आणि खणखणीत होता.

"बघा हं," मी म्हणाले. "समजा, पहिली मी आहे. माझ्या लेखी स्ट्रॉबेरीचा भाग म्हणजे केकचा तिसरा हिस्सा. तिथे मी 'पुरे' म्हणते, माझं मला मिळालं. पण मला कॅरॅमल त्याहून जास्त आवडतं. माझ्या लेखी ते अख्ख्या केकच्या निम्मं! उरलेल्या दोघांना क्रीम आणि कॅरॅमल सारखंच. ते बरोबर मधून कापतात. एकाला सगळं कॅरॅमल जातं." मी ते कापून मावशीच्या ताटलीत ठेवलं. "मला तिसरा हिस्सा मिळाला आणि माझ्या डोळ्यांदेखत तिला निम्मा. मला हेवा वाटतो. भरपूर वाटतो."

मग मी फडकं घेतलं आणि फळ्यावरची दुसरी ओळ पुसून टाकली. पहिली तशीच ठेवली.

"एवढं खरं आहे," मी म्हणाले. "हे मी दाखवलं. दुसरं मी नुसतं म्हटलं होतं. हेवा न होता तिघांत कसं वाटायचं, ते मला अजून येत नाही. प्रश्नाबद्दल आभार."

पहिली टाळी मावशीने वाजवली, कॅरॅमल खात खात, आणि मग सगळ्यांनी.

*

निकाल बाईंनीच वाचला. भाषणाच्या गुणांत मी आणि दुआर्ते अगदी बरोबरीत होतो. "आजचा सर्वोत्तम प्रश्न," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा तो महान आवाज जरासा अडखळला, "दुआर्ते आव्हिला. त्या गुणांवर शिष्यवृत्तीही त्यांचीच."

म्हणजे बघा. त्याने मला शिष्यवृत्ती देऊ केली होती आणि मी भर सभेत त्याचा हात धरून ती त्याच्याच खिशात घातली होती. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर तो असा.

मी टाळ्या वाजवल्या. हसलेसुद्धा. मग मागच्या दाराने रंगमंचामागच्या बोळात गेले. तिथे मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या. त्यांतल्या एकीवर बसून रडायला सुरुवात करणार, तेवढ्यात दार उघडलं. दुआर्ते होता. हातात शिष्यवृत्तीचं पाकीट, चेहरा पार उतरलेला.

"घे," तो म्हणाला. "तुझं आहे."

"काय?"

"मी बाईंना सांगतो, मला नको. दुसऱ्या नंबराला द्या म्हणून. नोएमी, मी तो प्रश्न विचारायला नको होता."

"दुआर्ते, ते पाकीट माझ्यासमोरून हलव, नाही तर मी तुला त्याच्यासकट बाहेर काढीन!"

"पण—"

"पण काय? आज एकदा तू ठरवलंस की मला खरा प्रश्न झेपणार नाही. आता ठरवतोयस की मला हरणं झेपणार नाही. तू कोण रे ठरवणारा? माझी चूक मी केली, मी पुसली, मी हरले. सगळं माझं आहे. त्यातलं काही तुला द्यायचं नाहीये मला."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेर सभागृहात खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी त्याला हाका मारत होतं.

"रडतेयस तू," तो म्हणाला.

"रडणारच! ऑगस्टमध्ये तू जाणार आणि मी पाव टाकत फिरणार. हेवा वाटतोय मला तुझा. इतका वाटतोय की तुझं तोंड बघवत नाहीये."

"जाऊ मी?"

"गेलास तर बघ."

तो हसला नाही, पण त्याच्या खांद्यांवरचं ओझं जरा उतरल्यासारखं दिसलं. मी डोळे पुसले. विचारायचं ते विचारूनच टाकलं.

"तो पहिला प्रश्न. चौघांचा. का विचारलास?"

"तुला माहितीय, का ते."

"मला माहितीय. पण मला ऐकायचंय."

"नोएमी..."

"नुसतं म्हणून चालत नाही, असं मी आत्ताच शिकलेय. नीट सांग."

त्याने पाकीट एका मोडक्या खुर्चीवर ठेवलं. कानाकडे जाणारा हात मध्येच थांबवला. मग त्याच्या त्या पद्धतीने, शब्द ठेवून, बसला का बघून, म्हणाला, "प्रेम आहे माझं तुझ्यावर. धुक्यातल्या त्या सकाळपासून वगैरे नाही, उगाच खोटं कशाला सांगू. तेव्हा तू नुसती भांडखोर वाटलीस. मदतकेंद्रात त्या म्हाताऱ्या सुताराला अपूर्णांक शिकवत होतीस ना, तेव्हापासून. त्याला चौथ्यांदा कळलं नाही आणि तू म्हणालीस, 'छान, म्हणजे आता पाचवी पद्धत शोधायला लागेल मला.' तेव्हापासून. मला तुला हरवायचं नव्हतं. बाबांना काय सांगायचं तेही ठरवून टाकलं होतं मी. इतकंच."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मूर्ख आहेस," मी म्हणाले. "माझंही आहे. पाकळीपासून. तिसरी नव्हतीच तिथे, उगाच काढली होती मी."

"माहितीय."

"माहितीय?"

"एवढं तर मलाही मोजता येतं."

"म्हणून तर तुझ्या त्या सोप्या प्रश्नाचा राग आला मला! मला जिंकू देणारे रग्गड मिळतील, बेकरीत रोज भेटतात. 'अगं, तू तर हुशारच,' म्हणतात आणि पाव घेऊन जातात. मला अडवणारा तू एकटा आहेस, आणि ऐन वेळी तूच त्यांच्यासारखा व्हायला निघालास."

"परत नाही होणार."

"नाहीच होणार. ते पाकीट उचल. ऑगस्टमध्ये जा, कसून अभ्यास कर. मी पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तिथे उभी राहणार, आणि या खेपेला तिघांत हेवा न होता कसं वाटतात ते शिकून येणार."

"आणि जिंकणार," तो म्हणाला.

त्यात दिलासा नव्हता, समजूतही नव्हती. दोरीचा गोल चौकोनाला हरवतो, हे सांगताना त्याचा जो सूर असायचा, तो होता. माझ्यातलं इतका वेळ ताठ उभं राहिलेलं काहीतरी तिथे सैल झालं. मी त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. उंच आहे ना मेला, काय करणार! आणि त्याला काही बोलायला जागाच ठेवली नाही.

बाहेर त्याचे बाबा हाका मारत होते. मग मावशीही मारायला लागली, आणि तिचा आवाज बेकरीभर पुरतो, मग त्या बोळाची काय कथा. दुआर्तेने कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं.

"अजून वाटतोय हेवा?"

"वाटतोय," मी म्हणाले. "भरपूर. पण थांब ना जरा... इतक्यात जाऊ नकोस."